कोऱ्या रकान्यांची हजेरी

आमच्या भागातले गुरुजी हजेरी लिहीत नसत, गैरहजेरी लिहीत. नियम असा होता की रोज सकाळी प्रत्येक नावापुढच्या रकान्यात, पोरगं आलं असेल तर तिरपी रेघ ओढायची आणि नसेल आलं तर ‘गै’ लिहायचं. पण चाळीस पोरांच्या चाळीस रेघा ओढायला सवड कुणाला? मग जे आले नाहीत त्यांच्यापुढे तेवढं ‘गै’ पडायचं आणि बाकीचे रकाने कोरे राहायचे. महिना संपला की गुरुजी एखाद्या दुपारी चहा मागवून बसत आणि सगळ्या कोऱ्या रकान्यांतून एका दमात रेघा ओढून टाकत.

हे मला माहीत होतं, कारण ते हजेरीचे पट रेघा ओढण्याआधीच माझ्याकडे येत. हिंगोलीत माझा टायपिंगचा आणि संगणकाचा क्लास होता. जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवी कचेरी, नवे साहेब, आणि नव्या साहेबांना सगळं छापील पाहिजे होतं. प्रत्येक शाळेला महिन्याचं पत्रक द्यावं लागे: पटावर किती, मुली किती, सरासरी हजेरी किती, टक्के किती. गुरुजींना संगणक येत नव्हता. मला येत होता. मी एका केंद्राच्या अकरा शाळांचं काम घेतलं.

संगणक मला कुणी शिकवला नव्हता. मी कनेरगाव नाक्याचा. धाब्यावर ग्लास विसळत दहावी केली, हिंगोलीत येऊन टायपिंग शिकलो, ज्याच्याकडे शिकलो त्याचीच जुनी मशीन्स पुढे विकत घेतली. नांदेडहून पहिला संगणक आणला तो वापरलेला. सौदा तुटत आला तेव्हा मी दुकानदाराला म्हणालो, ते कोपऱ्यात पडलेलं पुस्तक वरून टाक, म्हणजे घेतो. कव्हर नसलेलं, एक्सेलवरचं इंग्रजी पुस्तक होतं. त्याला वाटलं याला रद्दी पाहिजे. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते सहा महिने वाचलं.

म्हणून अकरा शाळांचे पट समोर पडले तेव्हा मी घाबरलो नाही. मी पाहिलं, यात लिहिलेलं काय आहे? फक्त ‘गै’. मग तेवढंच टाइप करायचं. ‘गै’च्या जागी इंग्रजी ए. बाकी रकाने मीही कोरे सोडायचो. शेवटच्या रकान्यात फॉर्म्युला: महिन्याचे कामाचे दिवस वजा त्या ओळीतले ए. ए मोजायचं काम काउंटइफ करायचं. चोवीस दिवसांत दोन ए, तर हजर बावीस. जिथे दुसऱ्या क्लासवाल्याला चार दिवस लागले असते तिथे माझं काम एका दुपारी व्हायचं. पत्रक छापून गेलं की गुरुजी त्यावरून आपल्या पटात रेघा ओढत, म्हणजे बेरीज जुळायची. सगळे खूश होते. मी सर्वांत जास्त. गुरुजी पट घेऊन आले की मी त्यांना सांगायचो, “कागदावर मला सगळं दिसतं. कोणत्या गावात बाजार कोणत्या वारी असतो तेसुद्धा दिसतं.” ते खरंही होतं. बाजाराच्या दिवशी ‘गै’ वाढायचे.

हिंगोलीजवळचं केंद्र मिळत असताना मी वसमत तालुक्यातलं, कुरुंद्याकडचं लांबचं केंद्र मागून घेतलं होतं. लोक म्हणाले, यात याचा काहीतरी डाव असणार. होताच. त्या अकरांपैकी एका शाळेत माझी मुलगी सातवीत होती.

दोन वर्षांपूर्वी बायको तिला घेऊन माहेरी गेली होती. कारण लिहून टाकतो, नाही तरी तिच्या माहेरच्यांनी ते तालुकाभर सांगितलेलं आहे. मी जेवताना ताट फेकलं. ते कुणाला लागलं नाही. पोरीच्या दप्तरावर पडलं आणि वह्या-पुस्तकं वरणाने भिजली. पुढे बैठक झाली. मी म्हणालो, आधी येऊ द्या तिला, मग मी चुकलं म्हणतो. मेव्हणा म्हणाला, आधी चुकलं म्हणा, मग पाठवतो. व्यवहारात जो आधी बोलतो तो पडतो हे मी बाजारात शिकलो होतो. मी आधी बोललो नाही. त्यांनीही नाही. असं करत दोन वर्षं गेली. त्यांनी माझं लेकरू माझ्यापासून तोडलं असं मी तेव्हा म्हणायचो, आणि त्यातलं थोडं आजही म्हणतो.

तर मुलगी माझ्याकडे महिन्यातून एकदा यायची, ती अशी. सातवीच्या शीटमध्ये अठ्ठाविसावी ओळ. मी आधी दहा शाळा उरकायचो. तिची शाळा शेवटी, आणि त्या शाळेतही सातवी शेवटी. क्लासमधली पोरं गेलेली असायची, लाकडी खुर्च्या एकावर एक चढवलेल्या. मी स्टोव्हवर खिचडी टाकायचो आणि ती होईपर्यंत अठ्ठाविसावी ओळ भरायचो. भरायला काय, दोन ए किंवा एक ए. पण एकेका ए वर मी पुष्कळ वेळ बसायचो. जुलैत गुरुवार-शुक्रवार नाही, म्हणजे ताप आला असेल. बाजाराच्या वारी एकदा नाही, म्हणजे आईबरोबर गेली, बांगड्या घेतल्या असतील. एका सोमवारी नाही. सोमवारी काय झालं असेल हे मला कधी सुचलं नाही. तिची ओळ मी दुसऱ्या शीटवर उतरवून ठेवायचो, महिन्याखाली महिना. त्या शीटचं पत्रक कुणी मागितलेलं नव्हतं.

ऑगस्टचा पट आला तेव्हा तिच्या ओळीत पोळ्याच्या आधी सलग तीन ‘गै’ होते. माझं डोकं फिरलं. मी ग्लास विसळून शाळा केली, आणि ही मामाच्या घरी बसून दांड्या मारते. त्या गावात एकच एसटीडी बूथ होता, किराणा दुकानातच. मी फोन लावला आणि तिला बोलावून आणायला सांगितलं. दहा मिनिटांनी परत लावला.

“शाळेत काहून गेली न्हाईस?”

उत्तर यायच्या आत मी पुढे बोललो.

“तीन दिवस. मला हितं बसून सगळं दिसतं, समजलं का? कागदावर दिसतं.”

“पप्पा, ते...”

“ते बी न्हाई आन हे बी न्हाई. आईनं ठेवलं का घरी? का मामानं जुंपलं कामाला?”

मी बराच वेळ बोलत होतो. बूथवाल्याने मला नंतर कधीतरी सांगितलं की तिने रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता आणि साखर घ्यायला आलेल्या बाया थांबून ऐकत होत्या. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, “तुमी कधी येऊन राहिले?”

“आधी शाळा,” मी म्हणालो आणि ठेवून दिला.

सप्टेंबरच्या पटात तिच्या ओळीत एकही ‘गै’ नव्हता. ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नाही. नोव्हेंबरात नाही. माझ्या दुसऱ्या शीटवर टक्क्यांच्या रकान्यात शंभर, शंभर, शंभर असं एकाखाली एक येत गेलं. एका फोनवर पोरगी सरळ झाली, असं मी संगणक दुरुस्तीला आलेल्या माणसाला सांगितलं. सांगायला दुसरं कोणी नव्हतं. तो पंखा साफ करत म्हणाला, “अच्छा है.” मी त्याला चहा पाजला.

डिसेंबरही शंभर झाला तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. फेब्रुवारीत शाळेचं स्नेहसंमेलन असतं. मेव्हण्याच्या दारात मी पायरी उतरून जाणार नव्हतो, पण शाळेने बोलावलं तर मला कोण अडवणार? मी तिथल्या मुख्याध्यापकांना फोन केला. ते वयस्क होते, निवृत्तीला आले होते, आणि सातवीचा वर्गही तेच घेत. म्हणालो, “गुरुजी, सातवीत पोळ्यापासून ज्याची हजेरी पूर्ण, त्याला माझ्याकडून बक्षीस. मनगटी घड्याळ. नाव शीट काढील, वशिला न्हाई.”

“पोळ्यापासून काहून? जूनपासून धरू.”

“पोळ्यापासून,” मी म्हणालो. “आन दुसरी अट, बक्षीस माझ्या हातानं. तिसरी, खुर्ची स्टेजवर.”

“खुर्ची दिली,” गुरुजी हसले. “हार बी देऊ.”

जे बक्षीस कोणाला जाणार हे मला ठाऊक होतं त्याच्यासाठी मी तीन दुकानं फिरलो. पातळ पट्ट्याचं, मुलींचं घड्याळ घेतलं. एक शर्ट शिवायला टाकला. स्टेजवरून काय बोलायचं ते मनात जुळवलं. ते सगळं मुलीसाठी होतं असं म्हणत नाही. त्यातलं अर्धं पुढच्या रांगेत बसणाऱ्या मेव्हण्याला उद्देशून होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुरुजी जानेवारीचे पट घेऊन मीटिंगसाठी हिंगोलीला आले आणि माझ्याकडे डोकावले. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला, जानेवारीची सातवी त्यांच्यासमोरच भरली आणि उतरत्या क्रमाने यादी लावली. पूर्ण हजेरी असलेलं एकच नाव वर आलं. मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला.

“बघा.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, परत लावला.

“ही तुमचीच ना?”

“माझीच. आता बोला.”

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, “शेठ, तुमी माझी चेष्टा करून राहिले का?”

“काहून?”

“पोरगी पोळ्यापासून शाळेत न्हाई.”

मी हसलो. मला खरंच वाटलं की चेष्टा ते करतायत. ते हसले नाहीत.

“तुमाला माहीत न्हाई?” ते म्हणाले. “मी तर समजून व्हतो की तुमाला समदं माहीत हाय. तुमीच म्हणता, कागदावर दिसतं.”

मी पट ओढला. तिच्या ओळीत ‘गै’ नव्हता. काहीच नव्हतं. वरच्या ओळीत, खालच्या ओळीत कुठे कुठे ‘गै’ होता आणि मधे कोरं होतं. तिच्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरं. मी मागची पानं उलटली. सप्टेंबर ते डिसेंबरच्या पानांवर तिच्या नावापुढे त्यांनी ओढलेल्या तिरप्या रेघा होत्या, एकसारख्या, एकाच शाईच्या.

“गै काहून लिहिलं न्हाई?” मी ओरडलो.

“वरडू नका. रोज गै लिहिलं की वरून पत्र येतं. मूल शाळाबाह्य का झालं, घरभेट द्या, अहवाल द्या. म्हटलं, तुमच्या घरचं प्रकरण, कागदावर कशाला. कोरं सोडलं, महिन्याअखेर बघू. महिन्याअखेर तुमचं पत्रक आलं, त्यात पूर्ण हजर. मग मी बी रेघा वढल्या.”

“म्हणजे तुमी खोटं...”

“मी?” आता त्यांचा आवाज चढला. “आकडा तुमी धाडला. मी म्हटलं, बापानं केलं असंल. पोरीचं वर्ष जाऊ नये म्हणून.”

मी पट टेबलावर इतक्या जोरात आपटला की चहाची बशी खाली पडून फुटली. गुरुजी उठले, पिशवी घेतली, आणि दारातून म्हणाले, “एकदा जाऊन या. मशीनला काय इचारता.”

ते गेल्यावर मी त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यावर क्लिक केलं. वर पट्टीत फॉर्म्युला दिसला. कामाचे दिवस वजा ए. ए एकही नाही. चोवीस वजा शून्य, चोवीस. त्यात काहीही चूक नव्हती. मी जे सांगितलं होतं तेच ते करत होतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला कुलूप लावून बसमध्ये बसलो. कुरुंद्यापर्यंत मी कुणाला काय बोलायचं ते ठरवत होतो. मेव्हण्याला चार वाक्यं, बायकोला दोन, सासऱ्यांना काहीच नाही कारण ते ऐकत नाहीत. वाक्यं चांगली जमली होती. पुढे टमटममध्ये उभा राहून गेलो तेव्हाही मी ती घोकत होतो.

हळदीचे दिवस होते. गावाबाहेरच त्यांच्या शेतात कढई पेटली होती. शिजलेल्या हळदीचा वास लांबूनच आला. मेव्हणा फावडं धरून वाफेत उभा होता. मला पाहून त्याने फावडं टेकवलं.

“या दाजी. वाट चुकले का?”

“माझं लेकरू सहा महिने घरी बसवलं आन मला एक शब्द सांगितला न्हाई?”

“तुमाला सांगायचं?” तो म्हणाला. “दाजी, तुमी तर अकरा गावच्या पोरांची हजेरी बघता. तुमाला काय दिसत न्हाई? आमी म्हटलं, बघून गप बसले.”

माझी चार वाक्यं होती ती मला आठवेनात. बायको पलीकडे ताडपत्रीवर हळद पसरत होती. ती उठली नाही. हात चालू ठेवूनच म्हणाली, “दर महिन्याला वाटायचं, आता येतील भांडायला. भांडायला बी आले न्हाईत.”

मुलगी तिच्या मागे बसली होती. मी तिला ओळखलं, पण पहिल्या नजरेला नाही. उंची वाढली होती आणि हात कोपरापर्यंत पिवळे होते. ती ओल्या गड्ड्यांतून मुळ्या खुडून वेगळ्या टाकत होती. मी ताडपत्रीच्या कडेला बसलो. मेव्हणा फावडं घेऊन मुद्दाम पलीकडे गेला. एवढं त्याला कळलं हे मी मान्य करतो.

“काहून सोडली शाळा?” मी विचारलं. या वेळी हळू.

“सोडली न्हाई.”

“मग?”

ती खुडत राहिली. मग म्हणाली, “तीन दिवस न्हाई गेले तर तुमचा फोन आला.”

“बरं.”

“म्हटलं, आठ दिवस न्हाई गेले तर येताल.”

वाफ आमच्याकडे आली आणि परत फिरली.

“आठ दिवस झाले. मग महिना झाला. बूथवाल्या काकाला रोज इचारायची, फोन आला व्हता का म्हणून. मग बाकीच्या पोरी पुढं गेल्या अभ्यासात. मग लाज वाटाय लागली जायची.”

मी तिला फॉर्म्युला सांगितला. का सांगितला कोण जाणे, दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. कोरं म्हणजे हजर असं मी धरलं होतं, गुरुजींनी कोरं सोडलं, म्हणून.

तिने लक्ष देऊन ऐकलं. “म्हणजे तीन दिवस न्हाई गेले तर गैरहजर.”

“व्हय.”

“आन कधीच न्हाई गेले तर समदे दिवस हजर.”

“व्हय.”

“चांगलं हाय तुमचं मशीन,” ती म्हणाली आणि तिच्या आईसारखी, तोंड न उघडता हसली.

दुपारी गुरुजी शेतावर आले. कालचं भांडण त्यांनी काढलं नाही. म्हणाले, झालं ते झालं, पण कागदावर पोरगी पूर्ण हजर आहे. पत्रकं कचेरीत गेलेली आहेत. एप्रिलच्या परीक्षेला बसवू, दोन महिने अभ्यास करून घेऊ, सातवी पास. कोणी विचारणार नाही.

इथे मी जागा झालो. हा माझ्या ओळखीचा प्रांत होता. मी लगेच धरून घेतलं: संध्याकाळी एक तास गुरुजी स्वतः शिकवतील, गणित आणि इंग्रजी, पेपर अवघड काढणार नाहीत, त्या बदल्यात मी रेघांचं प्रकरण कुठे काढणार नाही, आणि बक्षिसाचं घड्याळ ते ज्याला देतील त्याला. गुरुजी दोनदा नाही म्हणाले आणि तिसऱ्यांदा हो म्हणाले. मेव्हण्यानेही मान हलवली. त्या घरात दोन वर्षांत पहिल्यांदा माझा शब्द चालला.

“मी बसणार न्हाई,” मुलगी म्हणाली.

“अगं, वर्ष वाचून राहिलं तुझं.”

“गेलेच न्हाई तर पास कशी व्हईन? समदं गाव बघतं, मी रोज कुठं असते ते. पोरी काय म्हणतील?”

“पोरी गेल्या उडत,” मी म्हणालो.

“तुमी हिंगोलीला जाताल. मला हितं राहायचंय.”

तिने हातातली मुळी टाकली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

“जूनला जाईन. सातवीलाच. पण एक हाय.”

“बोल.”

“पैल्या दिवशी तुमी यायचं. फोन करायचा न्हाई. हितं यायचं आन माझ्यासंगं शाळेपर्यंत चालायचं.”

सवयीने माझ्या तोंडून निघालं, “बरं, मग सुट्टीत तू आठ दिवस हिंगोलीला...”

“न्हाई. एवढंच.”

आणि ती गप्प बसली. अट एक सांगायची आणि पुढे गप्प बसायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. हे मी कुणालाही शिकवलेलं नाही. अशा वेळी उठून चालू लागायचं असतं, म्हणजे समोरचा खाली येतो. मला ते येत होतं.

“येतो,” मी म्हणालो.

बायकोला मी चुकलं म्हणालो नाही. तिने मागितलंही नाही. परतीच्या टमटमपर्यंत कोणी पोचवायला आलं नाही. घड्याळ मी जाताना गुरुजींना देऊन टाकलं. संमेलनात ते कुणाला मिळालं मी विचारलं नाही, आणि तो शर्ट शिंप्याकडून महिनाभर आणलाच नाही.

हिंगोलीला येऊन मी तिच्या सातवीची पत्रकं दुरुस्त करून पाठवली. मग सगळ्या अकरा शाळांच्या शीटमधला फॉर्म्युला बदलला. आता हजर असेल तरच हजर. गुरुजींनी रेघ ओढलेली असेल तर मी पी टाइप करणार, ‘गै’ असेल तर ए, आणि कोरं असेल तर त्या ओळीच्या शेवटी लाल रंगात येणार की इतके दिवस माहीत नाही. रेघा आधी ओढून मगच पट द्यायचे, असं मी सगळ्या गुरुजींना सांगितलं. टायपिंग चौपट वाढलं. पहिल्याच महिन्यात प्रत्येक शाळेत अशा दोन-चार लाल ओळी निघाल्या. कुणी वीटभट्टीवर गेलेलं, कुणी मामाकडे, कुणाचं काय झालं ते गुरुजींनाही सांगता येईना. सगळ्यांची सरासरी खाली आली.

एक गुरुजी क्लासवर येऊन म्हणाले, “शेठ, जुनंच बराबर व्हतं. आमाला काहून तकलीफ?”

“कोरं सोडू नका, तकलीफ होणार न्हाई.”

“चाळीस पोरांच्या रेघा रोज वढू? मंग शिकवू कवा?”

मी त्यांना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मे संपायच्या आत अकराही शाळांचं काम कळमनुरीच्या एका क्लासवाल्याकडे गेलं. त्याने ते माझ्याच जुन्या शीटवर केलं, फ्लॉपीवरून उतरवून घेतलेल्या, माझ्याच फॉर्म्युल्यासकट. त्याचा मला राग आहे. तो गेलेला नाही आणि मी घालवायचा प्रयत्नही करत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी पहाटेच्या गाडीने निघालो आणि वेळेच्या बराच आधी त्यांच्या दारात पोचलो. मेव्हणा दात घासत ओट्यावर उभा होता. म्हणाला, “आज बराबर टायमावर.” मुलगी आतून आली. इस्त्रीचा गणवेश, दोन घट्ट वेण्या, हातावरचा पिवळा रंग गेलेला. बायको दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. चालायला दहा मिनिटं लागली असतील. मी दोन-तीन गोष्टी विचारल्या. वह्या आहेत का? हाय. अभ्यास केला का सुट्टीत? केला. किराणा दुकानाजवळ बूथवाल्याने मला नमस्कार केला, तेव्हा ती थोडी पुढे गेली, आणि मग पुढेच राहिली. चार पावलं, मग दहा पावलं. वाटेत सहावीतून सातवीत आलेल्या मुली तिला मिळाल्या. ती त्यांच्यापेक्षा वीतभर उंच दिसत होती. त्या तिला काहीतरी विचारत होत्या आणि मागे वळून माझ्याकडे पाहत होत्या. ती वळली नाही. फाटकाशी मात्र थांबली, मी जवळ येईपर्यंत.

“या आता,” ती म्हणाली आणि आत गेली.

ठरलेलं एवढंच होतं. ते पुरं झालं होतं आणि परतीच्या टमटमला वेळ होता. मी फाटकाबाहेरून वळसा घालून सातवीच्या वर्गाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे एक उंच खिडकी होती, तिच्यातून छताचे पत्रे तेवढे दिसत. प्रार्थना झाली. बाकं सरकल्याचा आवाज आला, मग गुरुजींचा खोकला, आणि त्यांनी हजेरी सुरू केली. नावं नाही, आकडे. नवं वर्ष, नवा पट. या वर्षीचे पट माझ्याकडे येणार नव्हते, तेव्हा तिचा आकडा कोणता ते मला माहीत नव्हतं.

आधी मुलांचे आकडे झाले. मग आत मुलींचे आवाज यायला लागले. “हजर.” “हजर गुरुजी.” “हजर.” कुणी मोठ्याने, कुणी घाईत, एक-दोघी हसत. एक आकडा त्यांना दोनदा पुकारावा लागला. मी भिंतीला हात लावून शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकत उभा राहिलो. त्यातला तिचा आवाज कोणता, मला ओळखता आला नाही.